नव्या वायफायवर जुना कॅमेरा : एक परीक्षण

घरात बसवायच्या सुरक्षा कॅमेऱ्यांची बहुतेक परीक्षणे खोके उघडल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच लिहून होतात. चित्र किती स्पष्ट आहे, रात्री किती दिसते, मान कुठवर फिरते आणि आवाज नीट ऐकू येतो का, एवढे तपासून गुण दिले जातात आणि विषय संपतो. प्रत्यक्षात असा कॅमेरा घरात वर्षानुवर्षे राहतो आणि त्या काळात घरातले वायफाय एकदा तरी बदलतेच. कधी इंटरनेट पुरवणारी कंपनी बदलते, कधी राउटर जळतो, कधी घरच बदलते, नाहीतर पासवर्ड फार लोकांना ठाऊक झाला म्हणून तो बदलावा लागतो. त्या दिवशी कॅमेरा नव्या नेटवर्कवर किती सहजपणे येतो, यातच त्याच्या बनावटीचा खरा कस लागतो असे माझे मत आहे, आणि हे परीक्षण मुख्यतः त्या एकाच बाजूने लिहिलेले आहे.

परीक्षणातला कॅमेरा टेबलावर ठेवता येणारा किंवा छताला उलटा लावता येणारा, मान फिरवणारा, १०८०पी दर्जाचे चित्र देणारा, मायक्रोएसडी कार्डवर चित्रीकरण साठवणारा आणि पाच व्होल्टच्या साध्या ॲडॉप्टरवर चालणारा आहे. त्याचे नाव मी मुद्दाम देत नाही. या जातीचे कॅमेरे मोजक्याच प्रकारच्या चिपांवर आणि एकमेकांसारख्या ॲपच्या आधारे तयार होतात आणि वरचे कवच व शिक्का बदलून अनेक नावांनी विकले जातात. त्यामुळे पुढे सांगितलेले गुणदोष एका नावाला चिकटवण्यात फारसा अर्थ नाही. चित्राबद्दल तक्रार नाही. दिवसा चेहरे ओळखू येतात, रात्री इन्फ्रारेड दिव्यांच्या उजेडात खोलीच्या कोपऱ्यापर्यंत दिसते, आणि हालचाल टिपल्याची सूचना फोनवर वेळेत येते. तेवढ्यावर थांबले असते, तर हा कॅमेरा मी बिनशर्त चांगला म्हटला असता.

राउटर बदलल्यावर नेमके काय बिघडते, हे आधी समजून घेतले पाहिजे, कारण सोबतच्या माहितीपुस्तिकेत त्याचा एका ओळीचाही खुलासा नाही. पहिल्या जोडणीच्या वेळी कॅमेऱ्याला वायफायचे नाव आणि पासवर्ड सांगितलेला असतो व तो त्याच्या मेमरीत कायमचा राहतो. वीज आली की कॅमेरा त्या नावाचे नेटवर्क शोधतो, सापडले की तो पासवर्ड वापरून आत शिरतो आणि मग इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क साधतो. दाराचे कुलूप बदलले आणि खिशातली किल्ली जुनीच राहिली तर जे होईल, तेच इथे होते. कॅमेरा बिघडलेला नसतो, तो फक्त जुने नाव शोधत बसलेला असतो. या कॅमेऱ्याचा बारीक दिवा अशा वेळी लाल होऊन सावकाश लुकलुकतो आणि ॲपमध्ये ‘उपकरण ऑफलाइन आहे’ एवढीच पाटी दिसते. वीज गेली, इंटरनेट बंद पडले, पासवर्ड बदलला किंवा राउटरच नवा आला, तरी पाटी तीच. ॲपला कारण कळण्याचा मार्ग नसतो हे मान्य, पण नेटवर्क सापडतच नाही की सापडूनही पासवर्ड जुळत नाही, हा फरक कॅमेऱ्याला स्वतःला नक्की कळतो. तो दिव्याच्या वेगळ्या रंगाने किंवा वेगळ्या लुकलुकीने दाखवणे अवघड नव्हते आणि त्याने निम्मा त्रास वाचला असता.

या काळात कार्डवरचे चित्रीकरण मात्र चालू राहते, ही या कॅमेऱ्याची जमेची बाजू आहे. नेटवर्क नसले तरी तो आपले काम सोडत नाही. फक्त त्याला एकदा वीज तुटून पुन्हा मिळाली, की घड्याळाचा घोटाळा होतो. कॅमेऱ्याच्या घड्याळाला स्वतःची बॅटरी नाही. तो दर वेळी सुरू झाल्यावर इंटरनेटवरून वेळ मिळवतो, आणि इंटरनेट नसेल तर त्याची तारीख थेट १ जानेवारी १९७० वर जाते, कारण अशा उपकरणांतल्या संगणकीय घड्याळाची मोजणीच त्या दिवसापासून सुरू होते. राउटर बदलण्याच्या गडबडीतले चित्रीकरण पुढे कधी शोधायचे झाले, तर ते चालू तारखेखाली सापडत नाही, कार्डवरच्या सर्वांत जुन्या फोल्डरमध्ये पाहावे लागते.

आता उपायांकडे वळू. सर्वांत सोपा उपाय कॅमेऱ्याला हातही न लावता होतो आणि पुस्तिकेत नेमका तोच दिलेला नाही. नव्या राउटरला जुन्याच राउटरचे नाव आणि जुनाच पासवर्ड द्यायचा. कॅमेऱ्याला राउटर कोणत्या कंपनीचा आहे किंवा त्यामागे इंटरनेट कोणाचे आहे याच्याशी काही देणेघेणे नसते. नाव आणि पासवर्ड जुळला आणि सुरक्षेचा प्रकार त्याला समजणारा असला, की तो आपणहून जोडला जातो. नाव अक्षर न् अक्षर तेच हवे, इंग्रजी लहान-मोठ्या लिपीतला फरकही चालत नाही, आणि नावाच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागासुद्धा वेगळे नाव समजली जाते. मी हा उपाय या कॅमेऱ्यावर करून पाहिला तेव्हा नवा राउटर सुरू होऊन इंटरनेट आले आणि पाठोपाठ कॅमेऱ्याचा दिवा निळा झाला. ॲप उघडावेही लागले नाही. घरात कॅमेऱ्याबरोबर स्मार्ट प्लग, बल्ब, दूरदर्शन संच आणि प्रिंटरही असतील, तर या एका युक्तीने सगळ्यांचे काम एकदम होते. अर्थात, पासवर्ड नको त्या लोकांना माहीत झाला म्हणूनच बदल करायचा असेल, तर हा मार्ग बंद आहे आणि पुढचा खटाटोप अटळ आहे.

तो खटाटोप टाळता यावा म्हणून ॲपमध्ये ‘वायफाय बदला’ असा पर्याय आहे. तो उपकरणाच्या सेटिंगमध्ये, सामान्य माहितीच्या पानावर, अगदी तळाशी आहे. त्यातली गंमत अशी की कॅमेरा ऑनलाइन असेल तेव्हाच तो दाबता येतो. जुने वायफाय गेल्यावर, म्हणजे ज्या क्षणी या पर्यायाची गरज पडते त्या क्षणी, तो फिकट होऊन निकामी झालेला असतो. तांत्रिक कारण समजण्यासारखे आहे, कारण ॲपचा निरोप कॅमेऱ्यापर्यंत पोहोचायला जुने नेटवर्क जिवंत असावे लागते. पण ही अट तिथेच दोन ओळींत लिहायला हवी होती. राउटर बदलण्याची तारीख आधी माहीत असेल, तर मात्र हाच पर्याय उत्तम ठरतो. नवा राउटर आल्यावर जुना लगेच काढू नये. दोन्ही काही वेळ एकाच वेळी चालू ठेवावेत, जुन्यावर कॅमेरा ऑनलाइन असतानाच ॲपमधून नव्याचे नाव आणि पासवर्ड द्यावा, आणि कॅमेरा तिकडे गेल्याची खात्री झाली की मगच जुना बंद करावा. अशा रीतीने गेल्यास हालचाल टिपण्याचे क्षेत्र, वेळापत्रक आणि सूचनांची सगळी मांडणी जशीच्या तशी राहते. इंटरनेटची कंपनी बदलताना तंत्रज्ञ जुना राउटर उचलून न्यायला उतावीळ असतो. त्याला थोडे थांबवावे.

जुना राउटर आधीच गेला असेल तर उरतो तो रीसेटचा मार्ग, आणि या कॅमेऱ्याचे खरे दुबळेपण इथे उघडे पडते. रीसेटचे बटण भिंगाच्या खाली आहे, पण भिंग सरळ समोर पाहत असताना ते झाकलेले असते. चेंडूसारखा भाग बोटाने वर ढकलला की कार्डाच्या खाचेशेजारी बारीक छिद्र दिसते. त्यात पिन घालून आवाज येईपर्यंत दाबून धरावे लागते. छताला उलटा लावलेला कॅमेरा असेल, तर हे काम शिडीवर उभे राहून, मान मागे टाकून, एका हाताने भिंग धरून आणि दुसऱ्या हाताने पिन दाबून करायचे असते. तेव्हा कॅमेरा खाली उतरवणेच शहाणपणाचे. उतरवल्यावर तो राउटरच्या जवळ नेऊन जोडता येतो आणि नंतर परत जागेवर लावता येतो, कारण नाव आणि पासवर्ड वीज काढली तरी पुसले जात नाहीत. पिन पुरेशी दाबली गेली की कॅमेरा खणखणीत इंग्रजीत जोडणीस तयार असल्याचे जाहीर करतो. हा आवाज कमी करायची सोय ॲपमध्ये आहे, पण ती जोडणी झाल्यानंतरच मिळते, त्यामुळे घरात कोणी झोपलेले असेल तर ही कामगिरी दिवसा उरकावी.

यानंतर ॲप नव्या वायफायचे नाव आणि पासवर्ड विचारते आणि फोनच्या पडद्यावर एक क्यूआर कोड दाखवते, जो कॅमेऱ्याच्या भिंगासमोर धरायचा असतो. कल्पना सुरेख आहे. कॅमेऱ्याला कळफलक नाही, पडदा नाही, पण डोळा आहे, म्हणून निरोप डोळ्यानेच द्यायचा. त्या कोडमध्ये वायफायचे नाव, पासवर्ड आणि थोडा वेळच टिकणारा एक परवाना असतो. तो परवाना संपला की कोड निरुपयोगी होतो, म्हणून पडदा बराच वेळ तसाच उघडा राहिला असेल तर मागे जाऊन नवा कोड घ्यावा. घरोघरी लोक इथे अडतात ते मात्र वेगळ्या कारणाने. या कॅमेऱ्याचे भिंग स्थिर फोकसचे आहे, म्हणजे ते खोलीतल्या अंतरासाठी बसवलेले आहे, वाचनासाठी नव्हे. फोन भिंगाला जवळजवळ टेकवला, तर कॅमेऱ्याला नुसता धूसर चौकोन दिसतो. सुमारे वीतभर अंतरावर फोन धरून तो अगदी हळू मागे नेत गेले की एका ठिकाणी कोड स्पष्ट होतो आणि टुक असा आवाज येतो. पडद्याचा प्रकाश पूर्ण वाढवला आणि खोलीतला दिवा पडद्यावर चमकत असेल तर तो विझवला, की काम आणखी सोपे होते. अंधारात इन्फ्रारेड दिवे लागून फोनच्या काचेवरून परावर्तन होते, त्यामुळे मिट्ट काळोखही बरा नाही. लहान पडद्याच्या फोनवर हा कोड फारच बारीक येतो, अशा वेळी तेच ॲप टॅबवर उघडून जोडणी करणे सोयीचे पडते.

याच संदर्भात एक सावधगिरी. अशा कोडमधला मजकूर अनेकदा साध्या अक्षरांत असतो, कोणतेही सर्वसाधारण स्कॅनर तो वाचू शकते. जोडणी जमत नाही म्हणून त्या पडद्याचे छायाचित्र मदतीसाठी कुणाला पाठवणे म्हणजे घरच्या वायफायचा पासवर्ड पाठवण्यासारखे आहे.

कोड वाचला गेला, टुक झाले, आणि तरीही ॲपमधले वर्तुळ फिरत फिरत शंभर टक्क्यांच्या अलीकडे थांबून ‘जोडणी अयशस्वी’ म्हणते, हा अनुभव या जातीच्या कॅमेऱ्यांबाबत सर्वाधिक ऐकू येतो. त्याचे मुख्य कारण म्हणजे फ्रिक्वेन्सी. हा कॅमेरा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क त्याच्या कानावरच पडत नाही. यात कमीपणा काही नाही. २.४ची लहर भिंतीतून अधिक चांगली पार होते, दूरवर पोहोचते, आणि १०८०पीच्या चित्राला लागणारा एक-दोन मेगाबिटचा वेग ती सहज देते. अडचण राउटरच्या बाजूने येते. आजचे बहुतेक राउटर दोन्ही फ्रिक्वेन्सींना एकच नाव देतात आणि कोणत्या उपकरणाला कुठे बसवायचे हे स्वतः ठरवतात. फोन जवळ असल्यामुळे तो ५ गिगाहर्ट्झवर असतो, आणि ॲप फोनचेच नेटवर्क गृहीत धरते. कॅमेऱ्याला त्याच नावाचे २.४चे नेटवर्क दिसले तर काम होते, पण काही राउटर उपकरणाला ५कडे ढकलण्यासाठी २.४वरचा त्याचा पहिला प्रयत्न मुद्दाम डावलतात. फोन त्यातून वाट काढतो. हा कॅमेरा मात्र ठरलेल्या वेळात जमले नाही की हात टेकतो.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही फ्रिक्वेन्सींना वेगवेगळी नावे देणे, निदान जोडणीपुरती तरी. कॅमेरा एकदा २.४वर नीट बसला की पुष्कळदा नावे पुन्हा एक केली तरी तो टिकून राहतो, मात्र टिकणारे नाव त्याला शिकवलेलेच असले पाहिजे. काही राउटरांमध्ये पाहुण्यांसाठीचे वेगळे नेटवर्क फक्त २.४वर सुरू करण्याची सोय असते, आणि कॅमेरा त्यावर ठेवणे सुरक्षेच्या दृष्टीनेही चांगले, कारण मग तो घरातल्या संगणकांपासून दूर राहतो. फक्त पाहुण्यांच्या नेटवर्कवरची उपकरणे पुष्कळदा एकमेकांशी बोलू शकत नाहीत, आणि काही ॲप जोडणीच्या वेळी फोन आणि कॅमेरा एकमेकांना दिसलेच पाहिजेत असा आग्रह धरतात. या ॲपचा क्यूआर कोडचा मार्ग तो आग्रह धरत नाही. ज्या नेटवर्कवर जोडल्यानंतर ब्राउझरमध्ये पान उघडून क्रमांक किंवा संमती द्यावी लागते, जसे वसतिगृहांत आणि हॉटेलांत असते, तिथे मात्र हा कॅमेरा कोणत्याच मार्गाने चालणार नाही, कारण ते पान उघडायला त्याच्याकडे काहीच नाही.

कोडऐवजी हॉटस्पॉटचा मार्गही दिलेला आहे. त्यात कॅमेरा स्वतःचे तात्पुरते वायफाय सुरू करतो, फोनने त्याला जोडून घ्यायचे, आणि ॲप थेट कॅमेऱ्याच्या कानात घरच्या वायफायची माहिती सांगते. कागदावर हा मार्ग अधिक भरवशाचा आहे. व्यवहारात फोनच आडवा येतो. कॅमेऱ्याच्या हॉटस्पॉटवर इंटरनेट नसते, हे फोनच्या लक्षात येते, आणि तो गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतो. वरच्या पट्टीत वायफायचे चिन्ह दिसत राहते, पण ॲपचा निरोप भलतीकडे गेलेला असतो. मोबाइल डेटा बंद करून, ‘या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरीही जोडलेले ठेवायचे का’ या प्रश्नाला होकार दिला, की हाच मार्ग सुरळीत चालतो. फोनवर व्हीपीएन (इंटरनेटची वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारी सोय) चालू असेल तर तेही बंद करावे. अँड्रॉइड फोनवर ॲपला ठिकाणाची परवानगी नाकारलेली असेल, तर आसपासच्या वायफायची यादी त्याला मिळत नाही. आयफोनवर, आयओएस १४पासून, स्थानिक नेटवर्कची वेगळी परवानगी द्यावी लागते. ॲप या परवानग्या का मागते हे सांगत नाही, आणि सावध माणूस कॅमेऱ्याच्या ॲपला ठिकाण का सांगायचे म्हणून नकार देतो, जे अगदी रास्त आहे. मग अडते, आणि अडल्याचे कारण पुन्हा गुलदस्त्यात राहते.

नवा राउटर म्हटला की सुरक्षेचा नवा प्रकारही आला. डब्ल्यूपीए ३ हा प्रकार २०१८ साली आला आणि नव्या राउटरांमध्ये तो पुष्कळदा आधीपासून चालू असतो. हा कॅमेरा फक्त डब्ल्यूपीए २ जाणतो, जो २००४ पासूनचा आहे. निव्वळ डब्ल्यूपीए ३ ठेवलेल्या राउटरशी त्याची जोडणी होतच नाही, आणि ॲप पासवर्ड चुकल्याचा ठपका ठेवते, त्यामुळे माणूस बरोबर असलेला पासवर्ड पुन्हा पुन्हा टाइप करत राहतो. राउटरमध्ये दोन्ही प्रकार एकत्र चालवण्याचा पर्याय असतो, तो निवडला की बहुधा प्रश्न मिटतो. त्यानेही न मिटल्यास कॅमेऱ्याच्या नेटवर्कपुरते डब्ल्यूपीए २ ठेवावे. याहून मागे जाण्याचे कारण नाही, आणि पासवर्डच काढून टाकून बघण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये.

चॅनेलचे एक विचित्र प्रकरणही इथे नोंदवले पाहिजे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचे चॅनेल म्हणजे क्रमांक दिलेले लहान भाग असतात. त्यांतले १ ते ११ सर्वत्र चालतात, १२ आणि १३ मात्र अमेरिकेसारख्या काही देशांत सहसा वापरले जात नाहीत. कॅमेऱ्याचे फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतला प्रोग्रॅम, ११पर्यंतच पाहणारे असेल आणि स्वयंचलित निवड करणारा राउटर एखाद्या दिवशी १३वर जाऊन बसला, तर कालपर्यंत चालणारा कॅमेरा आज अचानक हरवतो आणि राउटर बंद-चालू केला की परत येतो. राउटरवर १, ६ किंवा ११ यांपैकी एक चॅनेल कायमचा ठरवून दिला की हा लपंडाव थांबतो. हे तीन एकमेकांवर चढत नाहीत, म्हणून त्यांचीच शिफारस होते.

वायफायचे नाव देवनागरीत ठेवण्याची हौस असलेल्यांसाठी दोन शब्द. वायफायच्या नावाला बत्तीस बाइटची मर्यादा आहे, आणि देवनागरीतले प्रत्येक अक्षरचिन्ह, मात्रा आणि वेलांटी धरून, तीन बाइट घेते. म्हणजे जेमतेम दहा चिन्हांत नाव बसवावे लागते. फोन आणि संगणक असे नाव बिनतक्रार दाखवतात. या कॅमेऱ्याने ते ओळखले नाही, आणि दोष कशात आहे हेही सांगितले नाही. नाव साध्या इंग्रजी अक्षरांत आणि अंकांत, पासवर्ड आठ ते त्रेसष्ट चिन्हांचा, पण अवतरणचिन्हे, अर्धविराम आणि तिरकी रेघ टाळून, एवढे पाळले तर या बाजूने त्रास होत नाही.

जोडणी यशस्वी झाली की कॅमेरा निळा दिवा दाखवतो आणि ॲपमध्ये चित्र येते. इथे थांबू नये. रीसेटच्या मार्गाने गेलेल्या कॅमेऱ्यात सगळी मांडणी पुसली गेलेली असते. छताला लावलेला असेल तर चित्र उलटे दिसते आणि ते पुन्हा सुलटे करावे लागते. हालचालीची संवेदनक्षमता मूळ पातळीवर जाते, त्यामुळे पहिल्या रात्री खिडकीचा पडदा झुळकीने हलला तरी सूचना येतात. कार्ड घातलेलेच असते, पण त्यावर चित्रीकरण चालू करण्याचा पर्याय बंद झालेला असू शकतो, आणि ही गोष्ट लक्षात येते ती नेमकी चित्रीकरण हवे असते तेव्हा. कार्ड रीसेटच्या आधी काढून ठेवावे, हे उत्तम, कारण नव्याने जोडल्यावर हे ॲप ते फॉरमॅट करण्याची सूचना पुढे करते आणि घाईत होकार दिला की मागचे सगळे जाते. ज्यांनी कॅमेरा ऑनव्हिफ किंवा आरटीएसपीच्या (कॅमेऱ्याचे चित्र दुसऱ्या यंत्राला देण्याच्या ठरलेल्या पद्धतींच्या) मार्गाने स्वतंत्र रेकॉर्डरला जोडलेला आहे, त्यांनी कॅमेऱ्याचा नेटवर्कवरचा पत्ताही तपासावा. जुना राउटर १९२.१६८.१ने सुरू होणारे पत्ते देत असेल आणि नवा १९२.१६८.०ने, तर हाताने पक्का केलेला जुना पत्ता नव्या नेटवर्कवर निरर्थक ठरतो. कॅमेऱ्यात पत्ता पक्का करण्यापेक्षा राउटरमध्ये त्याच्यासाठी तो राखून ठेवणे अधिक बरे.

सिग्नलची ताकद ॲपमध्ये टक्क्यांत दिसते, जे फारसे कामाचे नाही, पण त्याखालीच डीबीएम या एककातला आकडा आहे (तो शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला) आणि त्यासाठी निर्मात्याचे आभार मानले पाहिजेत. उणे ६५च्या आसपास आकडा असेल तर निर्धास्त राहावे. उणे ८०च्याही खाली गेला, तर चित्र अडखळणार हे नक्की. नवा राउटर अनेकदा जुन्याच्या जागी न बसता तंत्रज्ञाच्या सोयीच्या कोपऱ्यात बसतो, आणि कॅमेरा बदललेला नसूनही चित्र खराब होते, त्याचे कारण इथे सापडते.

कंपनीच्या मदत केंद्राविषयी फार लिहिण्यासारखे नाही. चॅटवर उत्तर पटकन येते, परंतु पहिले, दुसरे आणि तिसरे उत्तर ‘रीसेट करून पाहा’ हेच असते. डब्ल्यूपीए ३चा उल्लेख मी केला, तेव्हा कुठे राउटरकडे लक्ष वेधले गेले.

तरीही हा कॅमेरा घेऊ नये, असे मी म्हणणार नाही. ज्यांचे वायफाय स्थिर आहे, ज्यांना राउटरच्या सेटिंगमध्ये जाता येते किंवा तसे कोणी घरात आहे, त्यांना तो चांगला आहे. एकट्या राहणाऱ्या वृद्ध आईवडिलांच्या घरी दुरून लक्ष ठेवण्यासाठी घ्यायचा असेल, तर मात्र मी याच जातीतला लॅनची खाच असलेला नमुना सुचवेन. तो केबलने राउटरला जोडला की नाव, पासवर्ड आणि फ्रिक्वेन्सी यांचा प्रश्नच उरत नाही, आणि केबल लावलेली असताना ‘वायफाय बदला’ हा पर्यायही जिवंत राहतो. खरेदीपूर्वी एवढे एक पाहावे की ॲपमध्ये दुसरे, राखीव वायफाय आधीच नोंदवून ठेवता येते का. ही सोय काही कॅमेऱ्यांत असते, यात नाही, आणि एखाद्या फर्मवेअर सुधारणेत ती देता येण्यासारखी आहे.

सुरक्षेची एक बाब या सगळ्यात मागे पडू नये. २०१६ साली मिराय नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून. रीसेट केल्यावर असा मूळ पासवर्ड परत येऊ शकतो. या कॅमेऱ्यात ॲपच्या खात्याला तसा धोका नाही, पण आरटीएसपीसाठी वेगळा पासवर्ड आहे आणि रीसेटनंतर तो पुन्हा मूळ स्थितीत जातो. तो त्याच बैठकीत बदलावा. आणि कॅमेरा दुसऱ्या कुणाला द्यायचा झाला, तर नुसते पिन दाबून भागत नाही. रीसेटने वायफायचा पासवर्ड पुसला जातो, पण कंपनीच्या सर्व्हरवर तो कॅमेरा जुन्या मालकाच्याच खात्याला बांधलेला राहतो आणि नव्या मालकाला ‘हे उपकरण आधीच नोंदलेले आहे’ असा नकार मिळतो. आधी आपल्या ॲपमधून उपकरण काढून टाकावे, मग रीसेट करावे, आणि कार्ड आपल्याकडे ठेवावे.